कयाधूकाठची हिंगोली

हिंगोली जिल्हा समजून घ्यायचा तर सुरुवात कयाधूपासून करावी. प्रल्हादाच्या आईचं नाव मिरवणारी ही नदी वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात उगम पावते आणि सेनगाव, हिंगोली, कळमनुरी असे तीन तालुके ओलांडून नांदेड जिल्ह्यात पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला मिळते आणि हे पाणी प्राणहितेतून अखेर गोदावरीत जातं. नदी तशी लहान. श्रावण-भाद्रपदात काळ्या रानातलं गढूळ पाणी घेऊन ती दुथडी भरते, आणि संक्रांत सरली की ठिकठिकाणच्या डोहांपुरती उरते. पण या लहानशा नदीच्या काठाने भक्ती, बाजार आणि उत्सव यांचा मोठा संसार मांडला आहे.

त्यातलं पहिलं नाव नर्सी नामदेव. संत नामदेवांचा जन्म १२७० साली इथे झाला, अशी परंपरा सांगते. आषाढी वारी करून परतणारे वारकरी पंढरपूरहून थेट घरी न जाता आषाढ वद्य एकादशीला नर्सीत येतात. या 'परतवारी'ला कयाधूचा काठ टाळ-मृदंगाने भरून जातो. नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे पंजाबातले भाविकही नर्सीची वाट चुकत नाहीत. नामदेवांनी आयुष्याचा उत्तरकाळ पंजाबात घालवला. तिथल्या घुमान गावी २०१५ साली ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा नर्सी आणि घुमान ही दोन टोकं महाराष्ट्राच्या पुन्हा ध्यानात आली. जवळच औंढा नागनाथ आहे. नामदेवांना विसोबा खेचरांसारखे गुरू भेटले, ते तिथेच. त्याच औंढ्यालगत दुधाळा परिसरात आता गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली.

हिंगोली शहर वाढलं ते छावणीमुळे. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा तळ इथे होता. छावणी आली की व्यापारी येतात, आणि त्यांच्या मागावर लुटारूही येतात. मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली ठगांवर पुस्तक लिहिलं. त्याच्या प्रस्तावनेत तो हिंगोलीच्या छावणीतल्या हरीसिंग नावाच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याची हकीकत सांगतो. खुद्द टेलरचे त्याच्याशी व्यवहार होते. मुंबईहून कापड आणायचं म्हणून या हरीसिंगाने इंग्रज अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्सकडून रीतसर परवाना घेतला, वाटेत मालाच्या खऱ्या मालकाला त्याच्या माणसांसह ठार केलं आणि त्याच परवान्यावर माल आणून छावणीत उघडपणे विकला. तो ठगांचा म्होरक्या होता, हे फार उशिरा उघड झालं.

याच गावाने पुढे एकत्र येण्याची एक मोठी परंपरा उभी केली. खाकीबाबा मठाच्या पुढाकाराने १८५५ साली सुरू झालेला हिंगोलीचा सार्वजनिक दसरा आज मराठवाडा-विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे. रामलीला मैदानावर घटस्थापनेपासून रामलीला रंगते, प्रदर्शन भरतं, पाळणे लागतात, आणि विजयादशमीच्या रात्री रावणदहनाला पंचक्रोशी लोटते. निजामी राजवट गेली, १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. या सगळ्या घडामोडींत दसऱ्याची परंपरा टिकून राहिली. गणेशोत्सवातही तसंच. अनंत चतुर्दशीला चिंतामणी गणपतीचा नवसाचा मोदक घ्यायला परजिल्ह्यांतून लोक येतात, पहाटेपासून रांगा लागतात, आणि नवस फळला की पुढल्या वर्षी मोदक घेऊन फेडायलाही तितक्याच श्रद्धेने येतात. या काळात रांगेतल्या माणसांना पाणी, चहा, फराळ देणारे हात गावातलेच असतात.

बाकीच्या वर्षात हिंगोलीची ओळख हळदीची. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात आणि वसमतच्या बाजारात हंगामात पिवळ्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. 'वसमत हळदी'ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या पिकामागचे कष्ट मात्र बाजारात दिसत नाहीत. मे-जूनमध्ये लावलेलं बेणं आठ-नऊ महिने रानात राहतं. काढणीनंतर ओली हळद कुकरमध्ये वाफेवर शिजवतात. शिजली की नाही, हे पाहायला हळकुंडात काडी टोचतात. ती सहज आत गेली की कुकर खाली करतात. कच्ची राहिली तर रंग उतरतो, जास्त झाली तर मऊ पडते, दोन्हीकडून भाव जातो. मग पंधरा दिवस उन्हात वाळवण, त्यानंतर ढोलात घालून पॉलिश. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून साधारण एक क्विंटल होते. पसरणं, निवडणं, गोळा करणं हे काम मुख्यतः बायकांच्या हातचं, आणि फेब्रुवारी-मार्चभर त्यांचे हात पिवळेच असतात.

हळद पाण्याची लोभी. पूर्णा नदीवरच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांच्या कालव्यांनी वसमतचा पट्टा हिरवा केला. कयाधूच्या खोऱ्याला तसं मोठं धरण लाभलं नाही. इथला शेतकरी सोयाबीन, तूर आणि विहिरीच्या भरवशावर थोडी हळद असं गणित जमवतो. म्हणूनच खरबी इथून कयाधूचं पाणी ईसापूर धरणाकडे वळवण्याची योजना पुढे आली, तेव्हा या खोऱ्यातली गावं आंदोलनाला उतरली. आधीच तहानलेल्या नदीचं पाणी बाहेर जाणार, ही त्यांची भीती समजण्यासारखी आहे.

कयाधूकाठी वसलेलं हिंगोली शहर पिण्याचं पाणी मात्र सिद्धेश्वर धरणातून, म्हणजे पूर्णेचं, आणतं. कयाधूच्या वाट्याला शहराचं सांडपाणी येतं. वापरातून सुटलेल्या नदीची काळजी माणूस घेईनासा होतो, हा सगळीकडचाच अनुभव. पण उलटा दाखलाही आहे. ऑस्ट्रेलियात मरे नदीकाठी एचुका नावाचं गाव आहे. १८७० च्या दशकात तिथल्या लाल गम लाकडाच्या धक्क्यावर वाफेच्या बोटी लोकर उतरवत. ते त्या देशातलं सर्वांत मोठं अंतर्देशीय बंदर होतं. रेल्वेचं जाळं पसरलं, बोटींचा धंदा बसला. गावाने धक्का मोडीत काढला नाही, तो जपला. १८६६ मध्ये बांधलेली 'ॲडलेड' ही बोट आजही तिथे आहे, आणि नदी हेच त्या गावाचं आकर्षण आहे. नदीचा जुना उपयोग संपला तरी गाव तिच्याकडे तोंड करून राहू शकतं, हे एचुकाने दाखवलं.

हिंगोलीला हे अवघड नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ दसरा चालवणाऱ्या आणि नवसाच्या मोदकाला लाखो माणसं सांभाळणाऱ्या गावाकडे संघटनेची वाण नाही. कामंही माहितीची आहेत: सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय पात्रात सोडू नये, ओढ्या-नाल्यांवर बंधारे घालून पावसाचं पाणी जागेवर जिरवावं, काठावर झाडं लावून ती जगवावी, वाळूउपसा थांबवावा. पाणी जिरलं तर विहिरी उन्हाळ्यात टिकतील आणि हळदीचं रानही वाढेल.

दिवाळीला पुण्या-मुंबईहून गावी आलेल्या हिंगोलीकरांना एवढीच विनंती: पाडव्याच्या दिवशी घरच्या मुलांना घेऊन कयाधूच्या काठावर जा, पात्र डोळ्यांनी बघा आणि आपल्या वॉर्डाचं सांडपाणी कुठे जातं, हे नगरपरिषदेला लेखी विचारा. दसऱ्यासाठी जशी वर्गणी काढता, तशी एक वर्गणी नदीसाठीही काढा.