जिना चढणारा माणूस दारात का अडतो

पावलागणिक : भाग सातवा

पार्किन्सन्सचा पेशंट असलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात कधी ना कधी हे वाक्य मी ऐकलेलं आहे: ‘जिना तर चढतात की! मग दारात काय होतं त्यांना?’ बोलणारी बहुधा बायको असते, कधी सून. आवाजात काळजी असते आणि तिच्याखाली थोडा संशयही. हे मुद्दाम तर करत नाहीत ना? आपल्याला राबवून घ्यायला?

नाही. जिना चढता येणं आणि दारात अडणं या दोन्ही गोष्टी एकाच बिघाडातून येतात. तो बिघाड समजला तर घरातली अर्धी भांडणं मिटतात. (उरलेल्या अर्ध्यांचा पार्किन्सन्सशी संबंध नसतो.)

मागच्या भागात गोळ्यांच्या वेळांबद्दल लिहिलं होतं. आज चालण्याबद्दल.

धडधाकट माणूस चालताना चालण्याचा विचार करत नाही. पोळ्या लाटता लाटता फोनवर भिशीचा हिशेब सांगणाऱ्या बाईला हात कसा फिरवायचा ते ठरवावं लागत नाही, तसंच हे. सरावाच्या अशा हालचाली मेंदूच्या आत खोलवर असलेले पेशींचे पुंजके परस्पर उरकून टाकतात. त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. त्यांचं काम नीट चालायला डोपामिन लागतं आणि ते पुरवणाऱ्या पेशी सबस्टान्शिया नायग्रा नावाच्या काळसर पट्ट्यात असतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी वर्षानुवर्षं मरत जातात. पायातली ताकद फारशी जात नाही. खुर्चीत बसवून मांडीचा जोर तपासला तर तो पुष्कळदा चांगला निघतो आणि घरच्यांचा संशय आणखी बळावतो. जातो तो चालण्यातला आपोआपपणा. पावलं आखूड होतात, चालताना हात हलेनासे होतात, पाठ पुढे वाकते. पुढे काही वर्षांनी बऱ्याच जणांची पावलं अधूनमधून गोठायला लागतात. ‘पाय जमिनीला चिकटतात हो’, असं पेशंट सांगतात. खालून पाय चिकटलेले आणि वरचं अंग मात्र पुढे निघालेलं, म्हणून माणूस पडतो तो तोंडावर.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टराने 1817 मध्ये या आजारावर पहिला निबंध लिहिला तेव्हा त्याच्यापुढे सहाच रुग्ण होते. त्यातले काही तर त्याला रस्त्यात दिसलेले होते, दवाखान्यात आलेलेच नव्हते. चालण्याची जागा नकळत धावण्याने घ्यावी ही त्यांची ओढ त्याने तेव्हाच नोंदवली होती. चालण्यावरून आजार ओळखण्याची ही पद्धत आजही सुटलेली नाही. पेशंट दारातून टेबलापर्यंत येईतो अनुभवी डॉक्टरांना निम्मं कळलेलं असतं.

आता जिन्याकडे येऊ. लंडनचेच डॉक्टर पर्डन मार्टिन यांनी अडणाऱ्या पेशंटांच्या वाटेत आडव्या रेघा मारून पाहिल्या आणि 1967 मध्ये त्याबद्दल लिहिलं. रेघा चालण्याच्या दिशेला आडव्या असल्या की माणसं त्या ओलांडत लांब पावलं टाकत जात. त्याच रेघा उभ्या, म्हणजे चालण्याच्या दिशेने मारल्या की काही उपयोग होत नसे. डोळ्यांना ओलांडायला काही दिसलं की चालणं आपोआप होण्याची गरज उरत नाही. मेंदूचा पुढचा भाग, जो जाणूनबुजून केलेल्या हालचाली सांभाळतो, तो हे काम डोळ्यांच्या मदतीने स्वतःकडे घेतो. बिघडलेला रस्ता टाळून दुसऱ्या रस्त्याने निरोप पायापर्यंत पोचतो. जिन्याची प्रत्येक पायरी ही अशी आडवी रेघच. दाराची गोष्ट उलटी. तिथे वाट अरुंद होते, पावलाचा अंदाज बदलावा लागतो, पुष्कळदा लगेच वळायचंही असतं, आणि ओलांडायला समोर काहीच नसतं.

यापेक्षा चकित करणारं उदाहरण नेदरलँड्समधल्या नायमेखेनचं आहे. तिथल्या बास ब्लूम यांच्याकडे अठ्ठावन्न वर्षांचा एक पेशंट होता. दहा वर्षांचा पार्किन्सन्स, चालायला लावलं की चार पावलांत अडून पडायचा. तो म्हणाला, मी सायकल चालवतो. डॉक्टरांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी त्याला सायकल दिली. गडी सरळ गेला, वळला, परत आला, उतरला आणि पुन्हा अडला. 2010 मध्ये हे एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कुणी सांगेल म्हणून आपल्याकडच्या पेशंटने लक्ष्मी रोडवर सायकल काढावी असं मी म्हणणार नाही. घरात एका जागी बसवलेली व्यायामाची सायकल मात्र मी आवर्जून सुचवते.

आपल्या घरांत या ज्ञानाचा उपयोग कसा करायचा? मी घरी जाते तेव्हा आधी फरशी बघते. जुन्या वाड्यातल्या शहाबादी फरशीचे सांधे ठळक असतात, जुन्या चाळींतल्या काळ्या-पांढऱ्या लाद्या तर मुद्दाम आखून दिल्यासारख्या. तिथे पेशंट बरे चालतात. मुलाने हौसेने घेतलेल्या नव्या फ्लॅटमध्ये सांधा न दिसणारी, चकचकीत विट्रिफाइड फरशी असते, आणि ‘इथे आल्यापासून बाबांचं चालणं बिघडलं’ अशी तक्रारही तिथेच असते. आजार तितकाच असतो. पायाला धरायला काही मिळत नसतं. जिथे नेमकं अडतं, म्हणजे खोलीचं दार, बाथरूमचं दार, पलंगाची बाजू, तिथे फरशीवर ठळक रंगाच्या चिकटपट्ट्या आडव्या लावा. दोन पट्ट्यांत त्या माणसाच्या चांगल्या पावलाएवढं अंतर ठेवा. सुनेला ते दिसायला बरं वाटणार नाही. लावा तरीही. पायपुसणी आणि सतरंज्या मात्र उचला. त्या नजरेला खूण देत नाहीत, पायात येतात.

उंबरठ्याबद्दल माझं मत ठाम नाही. काहींना ओलांडायला तो मदत करतो, पण पाय पुरता न उचलणाऱ्याला तोच पाडतो. बाथरूमचा उंचवटा काढता येत नसेल तर निदान वेगळ्या रंगाने रंगवा.

डोळ्यांसारखाच कानांचाही रस्ता आहे. ठरावीक ठेक्यावर पाऊल टाकायला शिकवलं की पावलं लांबतात आणि नेमाने पडतात, हे तपासून पाहिलेलं आहे. मेट्रोनोम मोबाईलवर फुकट मिळतो, पण आमच्याकडच्या आज्यांना त्याची टकटक आवडत नाही. त्यांच्यासाठी मी भजनाचा ठेका लावते. आयुष्यभर शाळेत कवायत घेतलेले एक सर स्वतःलाच ‘डावा, उजवा’ असा हुकूम देत चालतात आणि दारातून बिनबोभाट जातात. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या पेशंटांना नृत्य शिकवलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेत असा वर्ग 2001 पासून भरतो. नाचाने आजार थांबत नाही. पण वळायचं कसं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं न्यायचं, हे तिथे तालावर आणि हसतखेळत गिरवलं जातं. माझ्या व्यायामाच्या कागदाला हे कधी जमलेलं नाही.

आता घरच्यांसाठी. अडलेल्या माणसाचा हात धरून ओढू नका. ओढलं की अंग पुढे येतं, पाय तिथेच राहतात, आणि तुम्हीच त्याला पाडता. ‘अहो, चला ना!’ हे तीन शब्द तर घरातून हद्दपार करा. घाईने अडणं वाढतं. दारावरची बेल, वाजणारा फोन, मिटायला लागलेलं लिफ्टचं दार, मागे उभी राहिलेली रांग यापैकी काहीही पुरतं. लिफ्टचं बटण आधी दुसऱ्याने दाबून धरावं, मग पेशंटने निघावं. पेशंट अडला की म्हणा, ‘थांबा. सरळ उभे राहा.’ मग एक श्वास. मग वजन हळूच डावी-उजवीकडे डोलवायचं आणि मोकळा झालेला पाय उचलून मोठं पाऊल टाकायचं. तेवढ्यानेही जमलं नाही तर तुम्ही आपला पाय त्यांच्या पावलासमोर आडवा ठेवा आणि सांगा, हा ओलांडा. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला जादू वाटते.

चालताना बोलू नये, बोलायचं असेल तर उभं राहून बोलावं. चालणं आता लक्ष देऊन करायचं काम झालेलं आहे आणि लक्ष एकच असतं. हातात चहाचा कप देऊन ‘हा तेवढा आत ठेवा’ म्हणणंही टाळा. वळणं सगळ्यात वाईट. जागच्या जागी गर्रकन वळण्यापेक्षा मोठा वळसा घ्यावा. बायकांची पंचाईत स्वयंपाकघरात होते, कारण ओटा आणि फ्रिज यांच्यामध्ये वळसा घ्यायला जागाच नसते. अशा घरात मी रोजची भांडी-डबे ओट्याच्या एकाच बाजूला आणायला सांगते, म्हणजे वळणंच कमी होतात. साडीचा घोळ आणि सपाता दोन्ही धोक्याचे. मागे पट्टा असलेली चप्पल बरी.

आजार वाढतो तशा या युक्त्याही थकतात. गेल्या वर्षी ज्या पट्टीवरून पाय उचलला जायचा, ती यंदा नुसती दिसते. अडणं गोळीचा असर उतरल्यावर होतं की असर पूर्ण असतानाही, याची वही ठेवून डॉक्टरांना दाखवा. उतरल्यावर होत असेल तर गोळ्यांच्या वेळा बदलून पुष्कळ फरक पडतो. असर असतानाही होत असेल तर गोळी वाढवून बहुधा उपयोग नसतो, आणि मेंदूत तार बसवण्याच्या शस्त्रक्रियेकडूनही त्या अडण्यापुरती मोठी आशा धरू नये.

‘कितवी स्टेज?’ हा प्रश्न मला नको वाटतो. पाच पायऱ्यांची ती मोजणी मार्गारेट होन आणि मेल्विन यार यांनी 1967 मध्ये मांडली, डॉक्टरांच्या सोयीसाठी. पुढची पायरी कधी येणार हे ती सांगत नाही, आणि गोळी लागू असताना व उतरल्यावर एकाच माणसाची पायरी वेगळी भरू शकते.

काठी, वॉकर आणि चाकाची खुर्ची यांना घरोघरी फार उशिरा प्रवेश मिळतो. काठी सगळ्यांना मानवत नाही. काही जण ती टेकवायची विसरून हातात धरूनच चालतात. चाकांचा वॉकर पुढे पळतो आणि माणूस त्याच्यामागे धावतो, म्हणून ब्रेक पाहून आणि घरात चालवून पाहूनच घ्यावा. चाकाच्या खुर्चीबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही: ती लवकर घ्या. स्टेशनचा फलाट आणि दवाखान्याचा व्हरांडा खुर्चीत बसून पार केला तर लग्नाच्या हॉलमध्ये आपल्या पायांनी चार माणसांना भेटायला त्राण उरतं. जे खुर्ची नको म्हणतात ते हळूहळू लग्नालाच जाईनासे होतात. सरकारी प्रमाणपत्राचं कामही लांबवू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत पार्किन्सन्स आहे, आणि किमान चाळीस टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर बऱ्याच सवलती अवलंबून असतात.

पुढच्या भागात पडण्याबद्दल: पडलेल्या माणसाला कुणी उचलायचं, कसं उचलायचं, आणि कधी मुळीच उचलायचं नाही.