तोफगोळ्याची सुरी घ्यायची का?

किनमेन हे तैवानचं चिमुकलं बेट. किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर चीनमधल्या शियामेनच्या उंच इमारती दिसतात. १९५८ मध्ये चीनने ४४ दिवसांत इथे सुमारे पावणेपाच लाख तोफगोळे डागले. लष्करी अंमल उठला तो थेट १९९२ मध्ये. तोवर साधा बास्केटबॉल बाळगायलाही बंधनं होती. कुणी तो धरून पोहत पलीकडे जाईल म्हणून!

आता? त्याच गोळ्यांच्या पोलादाच्या सुऱ्या दुकानात मिळतात. नौका लपवायला डोंगर फोडून खोदलेल्या बोगद्यात लोक फोटो काढतात. २००१ मध्ये शियामेनची फेरीबोट सुरू झाली आणि चिनी पाहुणेच या सुऱ्या घरी नेऊ लागले. ज्यांनी गोळे डागले, त्यांच्याच नातवंडांना ते विकायचे. धंदा म्हणून भारीच!

पण सैनिकांच्या गर्दीवर चालणारी दुकानं फौज घटल्यावर पर्यटकांवर आली. हे पर्यटक यायचे की नाही, ते बऱ्याचदा बीजिंग आणि तैपेईत ठरतं. कोरोनात बंद पडलेली फेरी २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. थोडी फौज अजून बेटावर आहेच. वाळूत रोवलेले लोखंडी सुळेही आहेत, गंजलेले. सेल्फी त्यांच्यासोबतही निघतो.