सांधेदुखीची पुडी : आधी वाचा, मग घ्या



लागवडीच्या नोंदीसाठी आम्ही गावोगावी फिरतो, तेव्हा बांधावर उसाइतकीच चर्चा गुडघ्यांची निघते. चिखलात वाकून रोवणी, उकिडवे बसून निंदण, उसाची बांधणी. पन्नाशीच्या आसपास गुडघे कुरकुरू लागतात. मग कुणी दुकानातून ग्लुकोसामाइनच्या गोळ्या आणतो, कुणी आठवडी बाजारातून पुडी. या दोहोंत फार फरक आहे.

ग्लुकोसामाइन हा सांध्यातील कूर्चेत मुळातच असणारा पदार्थ. बाजारातला माल बहुधा झिंगे-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. तेव्हा माळकऱ्यांनी डब्यावर हिरवे चिन्ह पाहावे. झिंगे खाऊन ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी चालू असेल, तर घेऊच नये. रक्तस्रावाचा धोका वाढतो. मधुमेहींनीही आधी विचारावे.

गुण किती? अमेरिकेत गुडघेदुखीच्या १,५८३ रुग्णांवर २४ आठवडे पाहणी झाली. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ग्लुकोसामाइनने शंभरात ६४ जणांना आराम पडला, पण औषध नसलेल्या नुसत्या गोळीनेही ६० जणांना पडलाच! म्हणजे गोळी फारशी घातक नाही, पण तिच्यावर फार पैसा घालावा अशीही नाही.

खरी भीती पुडीची. दोन दिवसांत दुखणे पार गेले, तर आनंदू नका, शंका घ्या. अशा ‘जडीबुटी’त न सांगता स्टेरॉइड वा डायक्लोफिनॅक मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. ‘आर्त्री किंग’ या गोळ्यांत ही दोन्ही सापडल्याने २०२२ साली अमेरिकी सरकारने लोकांना सावध केले. अशाने तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, जठरात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे बिघडतात. अशी पुडी बरेच दिवस घेत असाल, तर एकाएकी बंद करू नका. तेही जिवावर बेतू शकते. पुडी सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात दाखवा.

खताचे पोते घेताना आपण नत्र, स्फुरद, पालाश किती ते वाचतो. मग पोटात जाणाऱ्या पुडीवर ना नाव, ना घटक, ना परवाना क्रमांक, तरी ती का घ्यावी?

बिनखर्चाचा उपाय असा : खाटेवर बसून पाय सरळ करावा, पाच-दहा सेकंद धरावा, खाली घ्यावा. रोज दहा-दहा वेळा. वजन आटोक्यात ठेवावे, निंदताना पाटावर बसावे. सांधा लाल होऊन सुजला वा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

उसाला जपता, तसे गुडघ्यांनाही जपा, ही विनंती.