पायलट उतरतो, आवाज जहाजावरच राहतो

1851 साली कोलकाता आणि डायमंड हार्बर यांच्यामध्ये कंपनी सरकारची तार सुरू झाली. जहाज गोदीला लागण्याआधीच त्याची खबर शहरात पोचू लागली. खबर देणारा, घेणारा आणि तंटा झालाच तर निवाडा करणारा, सगळे एकाच किनाऱ्यावरचे. जहाजाच्या कागदांसाठीही 1856 मध्ये बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे चढवलेल्या मालाच्या पावतीचा कायदा आला आणि थेट 2025 पर्यंत टिकला.

हुगळीतून जहाज आणणं आजही पायलटच्या, म्हणजे नदीच्या वाटाड्याच्या भरवशावर चालतं. नदीच्या मुखाबाहेरच्या सँडहेड्सपासून कोलकात्यापर्यंत दोनशेहून जास्त किलोमीटर, जागा बदलणारे वाळूचे दांडे आणि भरती-ओहोटीचं गणित. पायलट ब्रिजवरून हुकूम देतो, सुकाणी तोच हुकूम मोठ्याने परत म्हणतो. दोघांचे आवाज, रडारवरचं चित्र, वेग, दिशा सगळं व्हीडीआरमध्ये, म्हणजे जहाजाच्या नारिंगी ‘काळ्या पेटीत’ उतरतं. या नोंदीचा मालक जहाजमालकच, असं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या 2002 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. जहाज परदेशी असेल, तर बंगालच्या नदीत आपला माणूस बोलतो आणि मालकी परदेशी कंपनीची. मला हे पटत नाही.

परदेशी जहाज जप्त करण्याचा अधिकार कलकत्ता उच्च न्यायालयाकडे इंग्रजी अमदानीपासून आहे. 2017 च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्याने तो नव्याने मांडला. आदेश बजावला की जहाज हलू शकत नाही. माहिती मात्र तोवर उपग्रहावरून दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवर पोचलेली असू शकते.

ती पुराव्यात आणायची कशी? इथे आपल्या जालन्याचा निवडणूक खटला कामाला येतो. खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र हवंच. मागूनही कुणी देत नसेल तर न्यायालय ते देण्याचा आदेश काढू शकतं. जालन्यातल्या सरकारी कार्यालयाला असा आदेश देता येतो. परदेशातल्या कंपनीपर्यंत त्याचा हात कसा पोचणार? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तर प्रमाणपत्रावर तज्ज्ञाचीही सही लागते.

एआयमुळे गाठ आणखी घट्ट बसते. किनाऱ्यावरची प्रणाली शेकडो फेऱ्यांच्या नोंदींवरून मार्ग आणि वेग सुचवते. सल्ला चुकला आणि जहाज वाळूत रुतलं, तर त्या क्षणी प्रणालीपुढे कोणती माहिती होती हे दाखवणारी नोंद लागेल. तीही देशाबाहेरच असू शकते. पायलटचा आवाज वैयक्तिक माहिती धरला, तरी 2023 चा वैयक्तिक माहितीचा कायदा अशी माहिती देशाबाहेर जाऊ देतो. सरकारने मनाई केलेले देश तेवढे वगळून.

पायलट शिडीवरून लाँचमध्ये उतरतो, त्याच वेळी त्या फेरीच्या नोंदीची एक प्रत बंदराकडे जमा झाली पाहिजे. तसा नियम आपण केला पाहिजे, आणि तो पुढचा अपघात होण्याआधी.