उबेरिमा फिडेस म्हणजे काय रे भाऊ?

बाबांच्या मेडिक्लेमचा फॉर्म डायनिंग टेबलावर पसरला होता. आमचे पॉलिसीवाले काका पेन उघडून म्हणाले, 'शुगरचं लिहायचं नाही हं. प्रीमियम चढतो उगाच. तुम्ही फक्त सह्या करा, बाकी मी भरतो.' बाबा लगेच सरसावले. मी अडवलं, कारण त्याच आठवड्यात ऑफिसातल्या लीगलवाल्या मैत्रिणीने लंचला एक लॅटिन शब्द ऐकवला होता : उबेरिमा फिडेस.

आधी शब्दाचं बघू. 'फिडेस' म्हणजे विश्वास. रोमन लोकांनी तर या नावाची देवीच केली होती. 'उबेरिमा' म्हणजे भरभरून, ओसंडून. मूळ शब्द 'उबेर', आणि त्याचाच एक अर्थ गाईची कास! आपल्या संस्कृतातला 'ऊधस्' त्याचा सख्खा चुलतभाऊ. (कॅबवाल्या उबरशी नातं जोडू नका, तो शब्द जर्मन.) थोडक्यात, भरल्या कासेसारखा विश्वास. बाजारात आपण सेकंडहॅंड बाईक घेतो तेव्हा विकणारा सगळे दोष सांगेलच असं नाही, बघून घ्यायची जबाबदारी बरीचशी आपली. विम्यात तसं चालत नाही. आपल्या शरीराची कुंडली कंपनीला कुठून कळणार? म्हणून जे महत्त्वाचं, ते न लपवता सांगायचं.

हे तत्त्व रुजलं त्या खटल्याची गोष्ट मात्र भन्नाट आहे. सुमात्रा बेटावर इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला होता. तिथला गव्हर्नर जॉर्ज कार्टर याने किल्ला परकीय शत्रूच्या हाती पडला तर भरपाई मिळावी, असा विमा लंडनमध्ये उतरवला. 1760 मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणारा चार्ल्स बोहम म्हणाला, किल्ला कमकुवत होता हे तू सांगितलंच नाहीस, पैसे विसर! 1766 मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी निकाल देताना सांगितलं, की विमा हा विश्वासाचा करार आहे आणि माहिती लपवायची मुभा कुणालाच नाही, ना घेणाऱ्याला, ना देणाऱ्याला. (लॅटिन लेबल नंतर चिकटलं.) आणि जिंकलं कोण? कार्टर! युद्धाचे दिवस आहेत, किल्ल्याला धोका आहे, हे विमा देणाऱ्याला कळायला हवं होतं, त्याने विचारायला हवं होतं.

ही दुसरी बाजू आपल्याला कुणी सांगतच नाही. 'सगळं खरं सांगा' एवढंच ऐकू येतं.

आपल्याकडे दोन्ही बाजूंचे निकाल आहेत. मधुमेह आणि किडनीचा आजार लपवून घेतलेल्या मेडिक्लेमचा क्लेम नाकारणं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये योग्य ठरवलं. उलट 2021 मध्ये, परदेश प्रवासाचा विमा घेताना ज्याने मधुमेह सांगितला होता त्याला अमेरिकेत हृदयविकाराचा त्रास झाला, तेव्हा कोर्टाने कंपनीला पैसे द्यायला लावले. आजार माहीत असून पॉलिसी दिलीत, मग आता त्याच आजाराकडे बोट दाखवून हात वर करता येणार नाहीत!

कायद्याने संशयालाही मुदत घातली आहे. आयुर्विम्यात 3 वर्षांनंतर पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. आरोग्य विम्यात, 2024 च्या नियमांनुसार, सलग 5 वर्षं झाली की माहिती लपवल्याचं कारण चालत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण आजार काही 5 वर्षं थांबून येत नाही. आणि क्लेमच्या वेळी 'एजंटनेच फॉर्म भरला' हे कितीही खरं असलं, तरी खाली सही आपली असते.

तर, त्या संध्याकाळी फॉर्म मी भरला. मधुमेह : आहे, 2016 पासून. गोळ्यांची नावं बाबांनी डबी उघडून वाचून दाखवली. 'सिगारेट ओढता का?' या रकान्यापाशी ते जरा थांबले, आईकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, 'लिही, कधीकधी.'

आई उठून किचनमध्ये गेली. काकांचा चहा तसाच राहिला.