मेलेला कावळा ते भोपाळची लॅब: बर्ड फ्लूचा रिपोर्ट येतो तरी कसा?

फेब्रुवारी २०२५. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीत कावळे मरून पडायला लागले. त्याआधी जानेवारीत शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला असंच झालं होतं आणि तिथल्या कावळ्यांमध्ये एच५एन१ म्हणजे बर्ड फ्लू सापडला होता. ढोकीचे नमुने भोपाळला गेले, पॉझिटिव्ह आले आणि १० किलोमीटरचा परिसर अलर्ट झोन झाला. फॅमिली ग्रुपवर मात्र रिपोर्टच्या आधीच 'चिकन खाल्लं की मेलात' वाले व्हिडिओ येऊन पडले होते.

त्याच रात्री मावशीचा फोन. तिचं गाव ढोकीच्या जवळच, दारात पंधरा-वीस गावरान कोंबड्या. "तू काम्प्युटरचा शिकलेला हायस ना, मग सांग. कोंबड्या इकून टाकू का ठिवू?" मला उत्तर येत नव्हतं. मी कोड लिहितो, कोंबड्यांचा डॉक्टर नाही. पण वाचायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की यातला बराचसा भाग माझ्या ओळखीचा आहे.

आधी टेस्ट. मेलेला पक्षी बघून बर्ड फ्लू आहे की राणीखेत (आपल्याकडे मानमोडी म्हणतात ती), हे खात्रीने सांगता येत नाही. दोन्हींत कोंबड्या पटापट मरतात. म्हणून पक्ष्याच्या घशातून आणि विष्ठेच्या जागेतून स्वॅब घेतात, थंड ठेवतात आणि भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत पाठवतात. देशात बर्ड फ्लूवर शेवटचा शिक्का या लॅबचाच. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला एच५एन१ सापडला, तेव्हाही नमुने तिथेच गेले होते.

तिथे होते आरटी-पीसीआर, कोविडमुळे सगळ्यांना पाठ झालेली. या विषाणूचा कोड आरएनएमध्ये असतो. आधी त्याचा डीएनए करतात, मग ठरावीक तुकड्याच्या कॉपी काढत जातात. प्रत्येक फेरीत कॉपी साधारण दुप्पट. कितव्या फेरीत सिग्नल दिसला, त्या आकड्याला सीटी व्हॅल्यू म्हणतात. एका नमुन्यात २० आणि दुसऱ्यात ३० आली, तर फरक दहाचा नाही, दोनचा दहावा घात, म्हणजे पहिल्यात हजारपट जास्त विषाणू. टेस्टही एक नसते. आधी बघतात इन्फ्लुएन्झा-ए आहे का. असेल तर एच५ आहे का. असेल तर एन१ आहे का. सरळ सरळ इफ-एल्स.

एच आणि एन ही विषाणूच्या अंगावरची दोन प्रथिनं. एचने पेशीला चिकटून आत शिरायचं, एनने नव्या कॉप्या पेशीपासून सोडवून बाहेर काढायच्या. पण एच५ सापडला म्हणून तो जीवघेणाच असेल असं नाही. खरी गोम वेगळीच आहे आणि मला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

एच प्रथिन कामाला लागण्याआधी एका ठरावीक जागी कापलं जावं लागतं. कापणारी कात्री विषाणूकडे नसते, ती कोंबडीच्या शरीरातली वापरतो. सौम्य प्रकारात ही जागा अशी असते की ती कात्री फक्त श्वासनलिका आणि आतड्यात मिळते. म्हणून आजार तिथेच अडकतो. घातक प्रकारात त्याच जागी काही जास्तीची अमिनो आम्लं घुसलेली असतात आणि मग जवळजवळ प्रत्येक पेशीत असलेली कात्री चालते. विषाणू मेंदू, हृदय, यकृत, सगळीकडे पोचतो. एखाद्या अ‍ॅपला फक्त कॅमेऱ्याची परमिशन देणं आणि अख्खा फोन उघडून देणं, एवढा फरक. तोही कोडमधल्या मोजक्या अक्षरांमुळे! जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात काही दिवसांत सुमारे ८०० कोंबड्या गेल्या, त्या या घातक प्रकारानेच.

ही जागा वाचायची तर सिक्वेन्सिंग लागतं. पूर्ण विषाणू म्हणजे साधारण साडेतेरा हजार अक्षरं, आठ वेगळ्या तुकड्यांत. एखादा मोठा मेसेजच म्हणा. कॉपी करताना चुका तपासणारी यंत्रणा या विषाणूकडे नाही, त्यामुळे बग सतत शिरतात. वर दोन वेगळे फ्लू एकाच बदकात शिरले, तर आठ तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच तयार होतो. म्हणून टेस्टही अपडेट करत राहावी लागते. टेस्ट ज्या अक्षरांना शोधते तीच बदलली, तर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

या सगळ्या सिक्वेन्सचं झाड बघायचं असेल, तर फोनच्या ब्राउझरमध्ये 'नेक्स्टस्ट्रेन' उघडा. ओपन सोर्स आहे, लॉगिन नको. कुठला विषाणू कुणाचा चुलत भाऊ, कोणत्या देशातून कुठे गेला असावा, हे फांद्यांवर दिसतं. फक्त एक लक्षात ठेवा: लॅबनी जे शेअर केलं तेवढंच तिथे दिसतं. फांदी दिसली नाही म्हणजे तिथे रोग नाही, असा अर्थ काढू नका.

आणि नुसती अक्षरं शेअर करूनही भागत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींना एच५एन१ झाला. तिथल्या कृषी खात्याने एप्रिलमध्ये दोनशेहून अधिक नमुन्यांचा कच्चा डेटा टाकला, पण ठिकाण आणि तारीख म्हणून जवळपास फक्त 'यूएसए, २०२४'. संशोधक वैतागले. कुठल्या राज्यातून कुठे पसरला हे कळणार कसं? आपल्याकडे फोटोची तारीख उडाली तरी चिडचिड होते, इथे साथ चालू होती. फ्लूच्या विषाणूच्या नावातच प्रकार, प्राणी, जागा, क्रमांक आणि वर्ष असतं, ते उगाच नाही.

आता मावशीचा प्रश्न. कावळा दिवसभर उकिरडा, मटणाच्या दुकानामागची घाण, आपलं परसदार, सगळीकडे फिरतो. तोच मरायला लागला म्हणजे विषाणू आसपास आहे. मेल्या कावळ्यांवरून कोंबड्या मारत नाहीत. नजर ठेवतात, नमुने घेतात. कोंबड्यांमध्येच सापडला, तर साधारण एक किलोमीटरमधल्या कोंबड्या नष्ट करतात. तेव्हा भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच रोगाने मेलेल्यांची नाही. २०२१ मध्ये राज्याने मोठ्या अंडी देणाऱ्या कोंबडीला ९० रुपये जाहीर केले होते. आठवडी बाजारात गावरान कोंबडी कितीला जाते, ते तुम्हाला माहीत आहे. मग माणूस कळवायच्या आधी विकायचंच बघतो आणि आजारी कोंबडी पिशवीतून पुढच्या गावात जाते. माझ्या मते या यंत्रणेतला सगळ्यात मोठा बग हाच आहे आणि तो लॅबमध्ये दुरुस्त होणार नाही.

"मग लस का देत नाहीत?" हेही तिने विचारलं. राणीखेतची देतात, तिने दिलेलीही होती. घातक बर्ड फ्लूसाठी भारताचं धोरण शोधा आणि नष्ट करा असं आहे. साध्या रक्ततपासणीत लस दिलेली कोंबडी आणि लागण झालेली कोंबडी सारखीच दिसते आणि लस दिलेली कोंबडी वरून ठणठणीत दिसूनही विषाणू पसरवू शकते. एच९एन२ या सौम्य प्रकारासाठी मात्र भोपाळच्या याच संस्थेने देशी लस तयार केली आहे.

तर मी तिला सांगितलं: विकू नकोस, कोंबड्या कोंडून ठेव, दाणा-पाणी उघड्यावर नको. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नकोस, पोरांनाही लावू देऊ नकोस. एकाच वेळी दोन-चार मेल्या तर १९६२ला फोन कर किंवा दवाखान्यात कळव. किती मेल्या, कधीपासून आणि कुठे, हे नीट सांग. चिकन-अंडी ७० अंशांच्या वर नीट शिजली की विषाणू मरतो, म्हणजे आपला रस्सा सुरक्षित. कच्चं मटेरियल हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे मला सांगितलंस, आता ग्रुपवर पण टाक की." टाकलं. व्हिडिओला सत्तावीस अंगठे होते, माझ्या मेसेजला चार. त्यातला एक मावशीचा.