‘आलो’ पुसून ‘आले’

रात्री अकराच्या सुमाराला औशातली दुकानं केव्हाच बंद झालेली असतात. तुळजापूर-लातूर रस्त्यावरून ट्रॅव्हल्सच्या गाड्या तेवढ्या जात असतात. घरातली सगळी झोपली की अशा वेळी कुणीतरी गोधडीच्या आत मोबाइलचा उजेड कमी करतं आणि एका चॅटमध्ये शिरतं. समोरून पहिला प्रश्न येतो: ‘तुला कोणत्या नावानं बोलवू?’

ज्याला जन्मापासून एकच नाव मिळालं, तेच शाळेच्या हजेरीत, तेच रेशनकार्डावर, त्याला हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारलेला असतो. बाईचे कपडे घालावेसे वाटणारे पुरुष, पुरुषाचं शरीर घेऊन जन्मलेल्या स्त्रिया, स्त्रीचं शरीर घेऊन जन्मलेले पुरुष, अशांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून चालणारे हे गट. त्यांना ना पाटी, ना कार्यालय. पण लहान गावातल्या माणसासाठी मी त्यांना संस्थाच मानतो.

मराठीत या दारातून आत जाणं जरा जास्तच अवघड आहे. इंग्रजीत माणूस स्वतःबद्दल पानभर लिहितो आणि लिहिणारा बाई की पुरुष, याचा पत्ता लागत नाही. मराठीत ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे ठरवल्याशिवाय पहिलं वाक्यही पुरं होत नाही. समोरच्यालाही ठरवावंच लागतं. आपल्या लातूरकडच्या बोलीत ‘काय करूलालास?’ आणि ‘काय करूलालीस?’ यांत एका अक्षराचा फरक, पण ते एक अक्षर ऐकण्यासाठी कुणी वीस-वीस वर्षं वाट पाहिलेली असते. लपून राहायचं असेल तर भाषेत आडवाटाही आहेत. ‘मी चहा घेतला’ म्हटलं की क्रियापद चहाच्या मागे जातं आणि बोलणारा सुटतो. ‘मला भीती वाटली’ यातही काही कळत नाही. भविष्यकाळात तर सगळ्यांना मोकळीकच आहे: ‘मी येईन’ हे कुणीही म्हणावं. ज्याला आयुष्यभर स्वतःला सांभाळून बोलावं लागलं, त्याला हे व्याकरण कुठल्याही शिक्षकापेक्षा चांगलं कळतं. आणि मग एखाद्या रात्री ‘आलो’ असं टाइप करून, पुसून, तिथं ‘आले’ लिहिलं जातं. समोरचा नुसतं ‘ये, बस. जेवलीस का?’ म्हणतो. माझ्या मते या संस्थेचं सगळं काम या दोन ओळींत आलं.

कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी बायका सर्रास ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही, हेही इथं आठवतं. म्हणजे भाषा इतकी लवचिक आहे. आखडतो तो ऐकणारा.

एकमेकांना शोधण्याची ही धडपड मोबाइलच्या आधीची आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये व्हर्जिनिया प्रिन्स यांनी १९६० साली ‘ट्रान्सव्हेस्टिया’ हे नियतकालिक सुरू केलं. बाईचे कपडे घालणारे पुरुष त्यातून पत्रांनी एकमेकांशी जोडले गेले. आपल्याकडे १९९० साली मुंबईत पत्रकार अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ काढलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. १९९८ पासून ‘गे बॉम्बे’ची ईमेल-यादी चालू झाली. पण ईमेलला संगणक लागायचा, इंग्रजी लागायची, आणि तेव्हा औशात कुणी सायबर कॅफेत जाऊन असं काही उघडलं असतं तर मागे उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसानं ते वाचलं असतं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, कारण त्यामुळे लैंगिकतेबद्दल शिवी न देता बोलता येईल असे शब्द मराठी वाचकाच्या हाती आले. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि गोधडीतला तो उजेड शक्य झाला.

शब्दांची गरिबी मात्र अजून आहे. ‘पारलिंगी’ हा शब्द हळूहळू रुळतो आहे. ‘तृतीयपंथी’ सगळ्यांना माहीत आहे. पण ज्याला आपण पुरुष आहोत याबद्दल शंका नाही, संसारही आहे, फक्त कधीतरी साडी नेसल्यावर मन शांत होतं, त्याच्यासाठी आपल्याकडे ‘बायल्या’ खेरीज शब्द नाही. म्हणून इंग्रजी ‘क्रॉसड्रेसर’च वापरावा लागतो. क्रॉसड्रेसर आणि पारलिंगी हे दोन प्रकार वेगळे आहेत. एकाला कपडे हवे असतात, दुसरीला स्वतःचं अख्खं आयुष्य हवं असतं, आणि आपण यातले नेमके कोण हे ठरवायला कुणाला दहा वर्षंही लागतात. चॅटमध्ये ते न ठरवता बसता येतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ अशी नोंद झालेले ४०,८९१ जण होते. क्रॉसड्रेसर त्यात बहुधा नसतीलच, ते ‘पुरुष’ या रकान्यात गेले असणार.

आणि हे सगळं ज्या मातीत घडतं ती माती साडी नेसलेल्या पुरुषाला अनोळखी नाही. बालगंधर्वांची साडी नेसण्याची तऱ्हा घरंदाज बायकांनी उचलली होती. तुळजापूरच्या वाटेवर गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी घेतलेले आराधी दिसतात, देवीच्या नावानं साडी नेसणारेही त्यांत असतात आणि लोक त्यांच्या पाया पडतात. रंगमंचावर चालतं, देवीच्या दारात चालतं. घरच्या आरशासमोर मात्र नाही. हे अंतर मला आजवर कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

चांगला गट कसा ओळखायचा, हे सांगायला हवं, कारण वाईटही पुष्कळ आहेत. चांगल्या गटात फोटो मागत नाहीत, खरं नाव आणि गाव विचारत नाहीत. अठरा वर्षांखालच्यांना मोठ्यांच्या गप्पांत घेत नाहीत. स्क्रीनशॉट काढणाऱ्याला बाहेर काढतात. व्हॉट्सॲपच्या साध्या गटात सगळ्यांना नंबर दिसतो, टेलिग्रामवर तो झाकता येतो. एकच फोन तिघे वापरत असलेल्या घरात नंबर सगळ्यांचाच असतो, तिथं हा फरक जिवावरचा ठरतो. कुणी लगेच भेटायला बोलावलं, पैसे मागितले, तर तिथून निघावं. धमकावून पैसे उकळण्याचे प्रकार घडतात. आणि गटातल्या कुणी सांगितलं म्हणून दुकानातून हार्मोनच्या गोळ्या आणून घेऊ नयेत, त्यासाठी डॉक्टरच हवा.

डॉक्टरवरून आठवलं. ‘मुलाला सरळ करून द्या’ म्हणून आई-बाप दवाखाने पालथे घालतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असे ‘बदलण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात आपलं लिंग आपण सांगण्याचा हक्क मान्य केला. हे दोन कागद पालकांना दाखवण्यासारखे आहेत. पण मराठवाड्यात कागदापेक्षा एका माणसाच्या गोष्टीनं जास्त काम केलं असं मला वाटतं. बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांनी नोकरी न सोडता लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, भांडून मिळवली, २०१८ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि ते पुन्हा खाकीत उभे राहिले. आपल्याच भागातला, आपल्यासारखं बोलणारा माणूस.

प्रशिक्षित समुपदेशकाशी बोलायचं असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं २०१२ मध्ये सुरू केलेली ‘आयकॉल’ सेवा आहे. ती फोन, ईमेल आणि चॅट या तिन्ही वाटांनी चालवली गेली. याच संस्थेचं एक आवार तुळजापूरला आहे, औशाहून एका बसच्या अंतरावर. रात्री जीव नकोसा झाला तर चॅटवर थांबू नये, १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावावा. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

तरी एक उणीव राहतेच. चॅटवरचं बरंचसं बोलणं इंग्रजीत किंवा मुंबईच्या हिंदीत होतं. लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांतून मानसशास्त्र आणि समाजकार्य शिकून मुलं-मुली दरवर्षी बाहेर पडतात. त्यांना माझी विनंती आहे. आठवड्यातली एक रात्र या कामाला द्या, रीतसर प्रशिक्षण घ्या आणि आपल्या बोलीत उत्तर द्या. औशातून कुणी भीत-भीत ‘आले’ असं लिहिलं, तर तिला ‘काय करूलालीस?’ असं विचारणारं माणूस पलीकडे असायला हवं.